‘बेअर आऊट’ कुठे लावायचं, कुठे नाही

भाषांतराच्या कामाला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. पाणीटंचाईवरचा एक इंग्रजी अहवाल मराठीत करायला आला. त्यात एक वाक्य होतं : ‘द सर्व्हे बोअर आऊट द व्हिलेजर्स कम्प्लेंट.’ आधीची चार पानं विंधनविहिरी, भूजल आणि पंप यांनीच भरलेली होती. मी बिनदिक्कत लिहून टाकलं की गावकऱ्यांच्या तक्रारीवरून सर्वेक्षणाच्या वेळी बोअर घेण्यात आली. वाक्य मराठीत झकास बसलं, म्हणून शंकाही आली नाही. तपासणाऱ्या बाईंनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहून पाठवलं : ‘कुठली बोअर? किती फूट?’

त्या ‘बोअर’चा जमिनीशी काही संबंध नव्हता. ‘बेअर’ या क्रियापदाचा तो भूतकाळ. गावकरी म्हणत होते पाणी खाली गेलंय, आणि सर्वेक्षणात तेच दिसलं, एवढाच वाक्याचा अर्थ.

तेव्हापासून हे क्रियापद दिसलं की मी दोन क्षण थांबते. इंग्रजी अग्रलेखांत, न्यायालयाच्या निकालांत, संशोधन अहवालांत ते सतत येतं. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं ‘टू कन्फर्म’ एवढा अर्थ वहीत लिहून मोकळी होतात आणि मग ‘आय विल बेअर आऊट माय अपॉइंटमेंट’ असं काहीतरी लिहितात. दोष मुलांचा नाही, त्या एका शब्दाच्या अर्थाचा आहे. ‘कन्फर्म’ या शब्दाच्या पोटात मराठीतल्या निदान चार वेगळ्या क्रिया बसतात : नक्की करणं, कळवणं, खात्री करून घेणं आणि खरं ठरणं. ‘बेअर आऊट’चा संबंध फक्त शेवटच्या क्रियेशी.

आधी घटनांचा क्रम डोक्यात बसवा

‘बेअर आऊट’ वापरायला दोन गोष्टी लागतात, आणि त्याही ठरावीक क्रमाने. आधी कुणीतरी काहीतरी म्हटलेलं असतं : दावा, अंदाज, भीती, शंका, सिद्धान्त. नंतर समोर काहीतरी येतं : आकडे, घटना, निरीक्षण, कागदपत्र, साक्ष. या दुसऱ्या गोष्टीमुळे पहिली खरी दिसायला लागली, की दुसरीने पहिलीला ‘बेअर आऊट’ केलं.

धूमकेतूचं उदाहरण घेते, कारण त्यात हा क्रम इतका लख्ख दिसतो की परत समजवावं लागत नाही. एडमंड हॅलीने १७०५ मध्ये मांडलं की १५३१, १६०७ आणि १६८२ साली दिसलेला धूमकेतू एकच आहे आणि तो १७५८च्या सुमारास पुन्हा येईल. हॅली १७४२ मध्ये वारला. १७५८च्या नाताळच्या रात्री जर्मनीतल्या योहान पालिच नावाच्या शेतकऱ्याला तो धूमकेतू दिसला. आता इंग्रजीत म्हणायचं : ‘द कॉमेट्स रिटर्न बोअर आऊट हॅलीज प्रेडिक्शन.’ धूमकेतूच्या परतण्याने हॅलीचं भाकीत खरं ठरलं.

इथे हॅलीने काही ‘कन्फर्म’ केलं नाही. तो सोळा वर्षांपूर्वीच गेला होता. पालिचनेही केलं नाही, त्याने फक्त दुर्बिणीतून पाहिलं. खरं ठरवणारा कर्ता आहे धूमकेतूचं परतणं.

पहिली पायरी : कर्ता कोण ते पाहा

वाक्य लिहायच्या आधी स्वतःला विचारा, खरं ठरवतंय कोण? उत्तर ‘आकडे’, ‘निकाल’, ‘अनुभव’, ‘अभ्यास’, ‘पुढच्या घटना’ असं आलं तर खुशाल ‘बेअर आऊट’ लिहा. उत्तर ‘मॅनेजर’, ‘मंत्री’, ‘हॉटेलवाला’ असं आलं तर बहुतेक वेळा साधं ‘कन्फर्म’ हवं असतं. मंत्र्यांनी बातमीला दुजोरा दिला, हे झालं ‘द मिनिस्टर कन्फर्म्ड द न्यूज’. इथे ‘बोअर आऊट’ टाकलंत तर इंग्रजी वाचणाऱ्याला वाटेल की मंत्री त्या प्रकरणात साक्षीदार होते.

माणूस कर्ता चालतो तो नेमका अशाच वेळी, साक्षीदार म्हणून. ‘माय सिस्टर विल बेअर मी आऊट’ म्हणजे माझ्या बहिणीला विचारा, तीही हेच सांगेल. मराठीत आपण ‘खोटं वाटत असेल तर ताईला विचार’ म्हणतो, तोच सूर.

दुसरी पायरी : कर्म तपासा

कर्माच्या जागी अशीच गोष्ट हवी जी खरी किंवा खोटी असू शकते. ‘क्लेम’, ‘थिअरी’, ‘प्रेडिक्शन’, ‘सस्पिशन’, ‘फिअर्स’, ‘व्ह्यू’, ‘स्टोरी’ हे नेहमीचे सोबती. तिकीट खरं-खोटं नसतं, बैठक नसते, लग्नाची तारीख नसते. म्हणून तिकीट, बैठक, तारीख यांच्यापुढे हे क्रियापद येत नाही.

गंमत म्हणजे कर्माच्या जागी माणूस मात्र आरामात बसतो. ‘द फॅक्ट्स बेअर हिम आऊट’ याचा अर्थ वस्तुस्थिती त्याच्या बाजूची आहे, त्याचं म्हणणं बरोबर निघतंय. या ‘हिम’चं भाषांतर ‘त्याला’ असं करायला गेलात की फसलात. ‘त्याचं म्हणणं’ असंच करावं लागतं.

तिसरी पायरी : ‘आऊट’ कुठे ठेवायचं

कर्म सर्वनाम असेल, म्हणजे ‘इट’, ‘धिस’, ‘हिम’, ‘देम’, तर ते मधे : ‘बेअर इट आऊट’, ‘बेअर देम आऊट’. ‘बेअर आऊट इट’ चूक. कर्म लांबलचक असेल तर ते ‘आऊट’नंतर. मधे आठ शब्द कोंबून शेवटी ‘आऊट’ टाकलं तर वाचणारा ‘आऊट’पर्यंत पोचेतो ‘बेअर’ विसरतो. आणखी एक, ‘आऊट’ला लगेच ‘दॅट’ जोडू नका. मधे ‘द क्लेम’ किंवा ‘द व्ह्यू’ असा शब्द घाला म्हणजे वाक्य ठीक उभं राहतं : ‘द डेटा बेअर आऊट द क्लेम दॅट...’

चौथी पायरी : रूपं आणि स्पेलिंग

बेअर, बोअर, बॉर्न. तिन्ही रूपं मराठी कानाला दगा देतात. ‘बेअर’चं स्पेलिंग अस्वलाचं, आणि उच्चार उघड्या अंगाच्या ‘बेअर’सारखाच, ज्याचं स्पेलिंग बी-ए-आर-ई. घाईत तेच लिहिलं जातं. ‘बोअर’ ऐकलं की आपल्याला एकतर कंटाळा आठवतो नाहीतर शेतातली बोअर. त्या बाबतीत माझी बाजू सांगून झालीच आहे.

खरा घोळ ‘बॉर्न’चा. जन्माचं ‘बॉर्न’ बी-ओ-आर-एन असं लिहितात. आपल्याला हवं ते बी-ओ-आर-एन-ई, शेवटी ‘ई’ असलेलं. उच्चारात काडीचा फरक नाही, त्यामुळे कानावर भिस्त ठेवून चालत नाही. मी अशी खूण ठेवली आहे : पावसाळ्यात महापालिकेच्या इंग्रजी पत्रकांत ‘वॉटर-बॉर्न’ आणि ‘मॉस्किटो-बॉर्न’ रोग असतात. पाण्याने वाहून आणलेले, डासांनी वाहून आणलेले. जिथे वाहणं आहे तिथे शेवटी ‘ई’. आणि ‘बेअर’चा मूळ अर्थ वाहणं हाच. संस्कृतातला ‘भृ’ धातू आणि इंग्रजीतलं हे ‘बेअर’ एकाच जुन्या मुळातून आलेले आहेत. आपला ‘भार’ त्या ‘भृ’पासूनचाच. म्हणण्याचा भार पुराव्याला पेलवला, अशी आठवण ठेवली की अर्थ आणि स्पेलिंग दोन्ही जागेवर राहतात.

कर्मणी प्रयोग फार चालतो, किंबहुना वर्तमानपत्रात तोच जास्त भेटतो. २९ मे १९१९च्या खग्रास सूर्यग्रहणात ताऱ्यांचे प्रकाशकिरण सूर्याजवळ वाकलेले मोजले गेले, त्याबद्दल : ‘आइन्स्टाइन्स प्रेडिक्शन वॉज बॉर्न आऊट बाय द एक्लिप्स ऑब्झर्व्हेशन्स.’ चालू काळात, म्हणजे ‘इज बेअरिंग आऊट’ असं, क्वचितच दिसतं. शिकणाऱ्याने त्याच्या वाटेला न गेलेलं बरं.

पाचवी पायरी : नकार, आणि इथेच सगळ्यात जपून

हे क्रियापद नकारात जितकं उपयोगी पडतं तितकं होकारात पडत नाही, असं माझं मत. ‘द फिगर्स डू नॉट बेअर धिस आऊट’ हे अग्रलेख लिहिणाऱ्याचं ठेवणीतलं हत्यार आहे. समोरच्याला खोटारडा म्हणायचं नाही, पण आकडे पुढे सरकवायचे.

म्हणून भाषांतरात मोठी चूक होते ती इथे. ‘द क्लेम इज नॉट बॉर्न आऊट बाय द डेटा’ याचं मराठी ‘हा दावा खोटा ठरला’ असं सर्रास केलेलं दिसतं. मूळ वाक्य एवढंच म्हणतंय की उपलब्ध आकड्यांवरून दावा खरा दिसत नाही. उद्या दुसरे आकडे येतील आणि तो खराही निघेल. निकालपत्राचं भाषांतर करताना या फरकाने माणसाची अब्रू जाऊ शकते. ‘आरोपांना कागदपत्रांचा आधार मिळत नाही’ आणि ‘आरोप खोटे आहेत’ या दोन वाक्यांत केवढं अंतर आहे ते वकिलाला विचारा. शंका असेल तेव्हा मी ‘आधार मिळत नाही’ किंवा ‘तसं दिसत नाही’ यावर थांबते.

कधीकधी मात्र पुरावा इतका स्वच्छ उलट जातो की ‘फोल ठरले’ म्हणायला हरकत नसते. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला ३५०च्या पुढे जागा दिल्या होत्या. ४ जूनला मतमोजणी झाली आणि आघाडी २९३वर थांबली. ‘द एक्झिट पोल्स वेअर नॉट बॉर्न आऊट बाय द रिझल्ट्स.’ चाचण्यांचे अंदाज निकालात फोल ठरले. सत्ता कोणाकडे जाणार हे चाचण्यांनी बरोबर सांगितलं होतं, चुकला तो आकडा. यावरूनच पुढची पायरी.

सहावी पायरी : किती खरं ठरलं ते सांगा

खरं ठरणं नेहमी सोळा आणे नसतं. इंग्रजीत त्यासाठी क्रियापदाच्या आगेमागे ‘फुल्ली’, ‘लार्जली’, ‘पार्टली’, ‘हार्डली’ लागतात. मराठीत पूर्णपणे, बव्हंशी, काही अंशी, फारसं नाही.

पावसाचा अंदाज यासाठी उत्तम. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची देशाची दीर्घकालीन सरासरी सुमारे ८७ सेंटीमीटर. हवामान खात्याने एप्रिल २०२४ मध्ये सरासरीच्या १०६ टक्के पाऊस सांगितला, पडला १०८ टक्के. ‘बोअर आऊट’ म्हणायला कुणाची हरकत नसावी. आता २०२३ घ्या. एप्रिलचा अंदाज ९६ टक्के, त्यात ५ टक्के इकडे-तिकडे धरलेले. प्रत्यक्षात पडला साधारण ९४ टक्के. कागदावर हाही अंदाज खरा ठरला. पण त्याच वर्षीचा ऑगस्ट देशभरात ३६ टक्के तुटीचा गेला, १९०१पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. सोयाबीनच्या शेंगा भरायच्या वेळी ज्याने आभाळाकडे बघत दिवस काढले, त्याला तुम्ही ‘अंदाज खरा ठरला’ असं सांगून पाहा. हंगामाच्या बेरजेने अंदाज खरा ठरवला, महिन्यांच्या वाटणीबद्दल त्या आकड्यात काही नव्हतंच. म्हणजे ‘बेअर आऊट’ लिहिताना नेमकं कोणतं विधान खरं ठरलं, हे वाक्यात यायला हवं. ‘सीझन टोटल बोअर आऊट द फोरकास्ट’ असं नेमकं लिहिलं की वाद राहत नाही.

याहून नाजूक प्रकरण आहे व्यंकटेश बापूजी केतकरांचं. केतकी पंचांगामुळे हे नाव आपल्याकडे अनेकांना ऐकून माहीत असतं. त्यांनी १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडे ग्रह असल्याचं भाकीत छापलं. त्यातल्या एकाला त्यांनी ‘ब्रह्मा’ म्हटलं होतं. सूर्यापासूनचं अंतर सुमारे ३९ खगोलीय एकक, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या ३९ पट, एका प्रदक्षिणेला सुमारे २४२ वर्षं. १९३० मध्ये प्लूटो सापडला. त्याचं सरासरी अंतर साडेएकोणचाळीस एकक, प्रदक्षिणा सुमारे २४८ वर्षांची. मग प्लूटोने केतकरांना ‘बेअर आऊट’ केलं का?

अंतराच्या आकड्यापुरतं पाहिलं तर हो, आणि थक्क व्हावं इतकं. पण ‘बेअर आऊट’ हे ‘जुळलं’ यापेक्षा जड आहे. त्यात असंही सुचवलं जातं की ज्या कारणाने तुम्ही म्हणालात ते कारणही टिकलं. केतकरांनी भाकीत केलं होतं ते ग्रहाचं. प्लूटो चंद्राहूनही लहान निघाला. म्हणून मी लिहीन : ‘प्लूटोज डिस्टन्स बोअर आऊट हिज फिगर’, आकडा खरा ठरला. ‘बोअर आऊट हिज थिअरी’ असं लिहायला हात धजावत नाही. अभिमान कितीही असला तरी.

शेजारचे शब्द

‘बॅक अप’ याच्या सगळ्यात जवळचं, फरक बाजूचा. ‘बॅक अप’ मध्ये कुणीतरी ठरवून पाठीशी उभं राहतं, माणूस असो की पुरावा. ‘बेअर आऊट’ मधला पुरावा कुणाच्या बाजूने आलेला नसतो, तो येतो आणि त्यातून तसं दिसतं. वकील ‘बॅक अप’ करतो, वेळ ‘बेअर आऊट’ करते.

‘फर्म अप’ म्हणजे पक्कं करणं. तारखा, किंमत, पाहुण्यांची यादी. मुलांना अपॉइंटमेंटसाठी जो शब्द हवा असतो तो बहुधा हा, नाहीतर साधं ‘कन्फर्म’. ‘चेक आऊट’ कर्माशिवाय आलं तर ‘तपासल्यावर बरोबर निघणं’ : ‘हिज स्टोरी चेक्स आऊट’. बोलीत हेच जास्त चालतं. मित्राशी गप्पा मारताना ‘बेअर आऊट’ काढलंत तर तो तुमच्याकडे जरा चमकूनच बघेल, कारण ते लेखी भाषेतलं, थोडं इस्त्री केलेलं क्रियापद आहे.

‘बेअर विथ मी’ म्हणजे जरा सांभाळून घ्या, धीर धरा. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. कॉल सेंटरमध्ये दिवसातून शंभरदा बोललं जातं म्हणून इथे नोंदवलं.

मराठीत आणताना

‘दुजोरा’ माणसाच्या तोंडी शोभतो. सूत्रांनी दुजोरा दिला, प्रवक्त्याने दिला. हल्ली ‘आकडेवारीने दुजोरा दिला’ असंही छापून येतं आणि चूक म्हणता येत नाही, पण मला ते वाक्य कोट घातलेल्या तक्त्यासारखं दिसतं. ‘आकडेवारीवरूनही हेच दिसतं’ एवढ्याने भागतं.

‘शिक्कामोर्तब’ तर इथे नकोच. शिवकाळातल्या पत्रांवर वर राजाचा शिक्का आणि मजकूर संपतो तिथे ‘मर्यादेयं विराजते’ अशी छोटी मुद्रा असे, तेच मोर्तब. मोर्तब झालं की पुढे कुणी ओळ वाढवायची नाही. म्हणजे शिक्कामोर्तब हा अधिकाऱ्याचा निर्णय, वरून आलेला. ‘बेअर आऊट’ मध्ये अधिकार कुणाचाच नसतो आणि पुढची ओळ नेहमी मोकळी असते. ‘संशोधनाने या मतावर शिक्कामोर्तब केले’ हे वाक्य म्हणूनच खटकतं.

बहुतेक वेळा ‘खरं ठरणं’, ‘खरं निघणं’ हेच पुरतं. भीती असेल तर ‘भीती खरी ठरली’. शंका असेल तर ‘शंकेला बळ मिळालं’ लिहिण्याचा मोह होतो, पण बळ मिळणं म्हणजे अजून खरं ठरलेलं नाही. तिथे अर्थ पातळ होतो.

आता हात चालवा

खालची वाक्यं इंग्रजीत करून पाहा. सगळीकडे ‘बेअर आऊट’ बसत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

१. डॉक्टरांना आलेली शंका रक्ताच्या तपासणीत खरी ठरली.
२. रविवारच्या जेवणाला किती जण येणार ते आज रात्रीपर्यंत नक्की कळव.
३. रस्ता झाल्यावर व्यापार वाढेल असं म्हणत होते, पण अनुभव तसा नाही.
४. मी वेळेवर निघालो होतो, शेजारच्या काकांना विचारा हवं तर.
५. बँकेने खात्यात पैसे जमा झाल्याचं कळवलं.

पहिल्यात ‘द ब्लड टेस्ट बोअर आऊट द डॉक्टर्स सस्पिशन’. दुसऱ्यात ‘कन्फर्म’, दुसरं काही नको. तिसऱ्यात कर्मणी आणि नकार : ‘धिस हॅज नॉट बीन बॉर्न आऊट बाय एक्स्पीरियन्स’, आणि ‘बॉर्न’च्या शेवटी ‘ई’. चौथ्यात माणूस कर्ता चालतो, कारण काका साक्षीदार आहेत : ‘माय नेबर विल बेअर मी आऊट’. काकांसाठी ‘अंकल’ लिहायचा मोह आवरा, नाहीतर ते तुमचे सख्खे काका होतील. पाचव्यात पुन्हा ‘कन्फर्म्ड’. पासबुकात नोंद पाहून तुम्ही म्हणालात की बँकेचं म्हणणं खरं निघालं, तर त्या नोंदीला ‘बेअर आऊट’ लावता येईल.

आणि माझं पाणीटंचाईचं वाक्य शेवटी असं गेलं : ‘पाण्याची पातळी खाली गेल्याची गावकऱ्यांची तक्रार सर्वेक्षणात खरी ठरली.’ बाईंनी त्यावर काही लिहिलं नाही, नुसती बरोबरची खूण केली.